जवळच्या होडीला ऐकू जाईल असा

चिरनेर, ता. उरण
१९ सप्टेंबर

चि. बाळ यास,


तू पाठवलेले तिन्ही व्हीएचएफ वायरलेस संचांचे फोटो आणि किमती पाहिल्या. कुठला घेऊ म्हणतोस, तर उत्तर लगेच देऊन टाकतो. तिन्ही २५ वॅटचे आहेत, तिन्ही पाण्यात पडले तरी तग धरणारे आहेत, आणि आवाज पोचवण्याच्या कामात त्यांच्यात काडीचा फरक नाही. पैशाचा फरक आहे तो पडद्याचा आणि बटणांचा. एवढं मी फोनवरच सांगून मोकळा झालो असतो. पण खाली तू जे लिहिलंस त्यासाठी कागद घेऊन बसावं लागलं. "नाहीतर राहू दे मामा, करंजापासून रेवसपर्यंत मोबाइलला रेंज असतेच, आणि सरकारी ट्रान्सपाँडर बसला की झालं."

रेवसचं नाव तूच काढलंस म्हणून रामदास बोटीची आठवण करून देतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही आगबोट वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईपासून काही फार लांब नाही ती जागा, तुझी होडी रोज त्याच पाण्यात असते. पण बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे शहराला कित्येक तास पत्ताच नव्हता. पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी सांगितलं तेव्हा कळलं. आणि जे वाचले त्यांतले बरेच जण कुणामुळे वाचले? मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांमुळे. त्या होड्या योगायोगानं जवळ होत्या आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून.

वायरलेस तेव्हा काही नवलाईची वस्तू राहिली नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी, १९१२ साली, टायटॅनिकनं वायरलेसवरच मदत मागितली होती. ती हाक कार्पेथिया नावाच्या बोटीनं ऐकली आणि रातोरात येऊन सातशेच्या आसपास माणसं उचलली. तिच्यापेक्षा जवळ कॅलिफोर्नियन नावाची दुसरी बोट उभी होती. तिच्यावर वायरलेस होता, पण चालवणारा एकटाच, आणि तो दिवसभराचं काम संपवून झोपला होता. संच असून उपयोग नाही, तो कुणीतरी ऐकत असावा लागतो. पुढे बोटींवर चोवीस तास कान लावून बसण्याचा नियम झाला तो यातूनच.

अगदी अलीकडचं घे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, तेव्हाही आधी पोचल्या त्या आसपासच्याच बोटी. समुद्रात मदत कायम अशीच येते. किनाऱ्यावरचं कार्यालय कितीही तत्पर असलं तरी तिथून बोट निघून तुझ्यापर्यंत यायला वेळ लागणार. दोन मैलांवर जाळं ओढणारा तांडेल वीस मिनिटांत येतो. त्याला कळलं तर.

आता तुझा मोबाइल. त्यानं तू एका माणसाला फोन लावतोस. तो उचलेल, न उचलेल. शेजारच्या होडीच्या तांडेलाचा नंबर तुझ्याकडे असेलच असं नाही, परदेशी जहाजाच्या कप्तानाचा तर नाहीच नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेव, जरूर ठेव, पण तो एका ठिकाणी वाजतो. ट्रान्सपाँडरचंही तेच. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला ज्या योजनेचा शुभारंभ झाला, एक लाख मच्छीमार बोटींवर उपग्रहाला जोडलेले ट्रान्सपाँडर बसवायची, ती चांगलीच आहे. व्हीएचएफ पोचत नाही इतक्या खोल पाण्यात जाणाऱ्यांना तर ती फारच मोलाची. पण तो संदेश आधी आकाशात जातो, मग किनाऱ्यावर, आणि तिथून कुणीतरी पुन्हा समुद्रात निरोप धाडतो. व्हीएचएफवर १६ नंबरच्या चॅनलला तू तोंड उघडलंस की टापूतल्या प्रत्येक संचावर तोच आवाज त्याच क्षणी निघतो. विहिरीत पडलेल्यानं गावाला हाक मारावी तसं आहे हे. तेव्हा संच निवडताना मनात एकच प्रश्न धर: ही हाक जवळच्या होडीला ऐकू जाईल का, आणि तिची मला?

या प्रश्नानं पाहिलंस तर खर्चाचं गणित उलटं होतं. तू संचाला सगळे पैसे लावून अँटेना "कुठलीतरी" घेणार आहेस. मी म्हणतो, अँटेना आधी. व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. ढोबळ हिशेब असा: अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि सव्वादोननं गुणायचं. चार मीटरवर अँटेना असेल तर साडेचार सागरी मैल आले. समोरच्या होडीचेही साडेचार धर, म्हणजे दोघांत नऊ मैल. समोर जहाज असेल आणि त्याची अँटेना छत्तीस मीटरवर असेल तर त्याच्या बाजूचे साडेतेरा, मिळून अठरा. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच धरून चाल. यात वॅट कुठेच आले नाहीत, हे लक्षात आलं का? वॅट वाढवून क्षितिज लांब जात नाही. म्हणूनच हातात धरायचा पाच-सहा वॅटचा संच होडीत बसून वापरला की लवकर तोकडा पडतो. त्याची ताकद कमी असते हे खरं, पण त्याची अँटेना तुझ्या कानापाशी असते हे त्याहून मोठं कारण. तरी तो दुसरा म्हणून असावा. होडी उलटली तर छताला ठोकलेला संच तुझ्याबरोबर पोहायला येणार नाही.

शिवाय करंजाला द्रोणागिरी आहे. डोंगर मध्ये आला की लहर अडते, त्याला वॅटही काही करू शकत नाहीत. धक्क्यावर उभा राहून चाचणी घेतलीस आणि बाहेरचा कुणी ऐकू आला नाही, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. खाडीच्या तोंडावर जाऊन पुन्हा पाहा.

अँटेना ३ डीबीची घे, साधारण मीटरभर लांबीची. दुकानात ६ डीबीची अडीच मीटरची दाखवतील, "जादा रेंज" म्हणतील. तिची लहर चपटी असते, क्षितिजालगत जास्त जोर. मोठ्या, संथ डुलणाऱ्या बोटीला ती ठीक. तुझी होडी पावसाळ्यानंतरच्या लाटांवर इतकी कलते की त्या चपट्या लहरीचा अर्धा भाग पाण्यात आणि अर्धा ढगात जाईल. तुझी होडी फायबरची आहे, तेव्हा खाली लोखंडी पत्र्याचा आधार लागत नाही अशीच अँटेना माग, आणि लोखंडी पाइपाला खेटून बसवू नकोस.

केबलवर कंजूषपणा करू नकोस. बारीक केबल तीन-चार मीटरला चालून जाते, त्यापेक्षा लांब गेली तर जाड घे. खरा शत्रू सांधा आहे. खारं पाणी कनेक्टरमधून आत शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि २५ वॅटच्या संचातून निघालेली निम्मी-अधिक ताकद त्या हिरवटीत जिरते. संच मात्र वरून ठणठणीत दिसतो, आकडा दाखवतो, खरखरतो. माझ्या नोकरीच्या काळात दुरुस्तीला आलेल्या संचांत बिघडलेले संच थोडे आणि सडलेले सांधे जास्त असायचे. सांध्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळ, तिच्यावर साधी टेप. आणि अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही, पोरांनाही दाबू द्यायचं नाही.

दुसरा खर्च बॅटरीचा. ऐकताना संच अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो, पूर्ण ताकदीनं बोलताना पाच-सहा अँपिअर. साठ अँपिअर-तासाच्या बॅटरीतली निम्मी वापरायची म्हटली तरी नुसतं ऐकायला साठ तास मिळतात, म्हणजे काळजी नाही. काळजी आहे ती जागेची. तुझी बॅटरी इंजिनाशेजारी तळाला आहे. होडीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी तीच बुडणार, आणि हाक मारायची वेळ नेमकी तीच. संचासाठी वेगळी बॅटरी वर, केबिनच्या फळीवर बांध. वायर जाड, फ्यूज बॅटरीजवळ. संच होकायंत्रापासून मीटरभर तरी लांब, कारण स्पीकरच्या लोहचुंबकानं सुई सरकते.

आता ते लाल बटण, ज्यावर झाकण आहे. त्याला डीएससी म्हणतात. झाकण उचलून काही सेकंद दाबून धरलं की ७० नंबरच्या चॅनलवरून तुझा संच स्वतःच संकटाचा संदेश सोडतो आणि ऐकणाऱ्या संचांवर गजर वाजतो. कुणी झोपला असला तरी उठतो. कॅलिफोर्नियनवर हे असतं तर, असं मला नेहमी वाटतं. पण दोन गोष्टी केल्याशिवाय ते बटण शोभेचं आहे. एक, होडीचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, भारतातल्या बोटींचा ४१९ पासून सुरू होतो तो, संचात भरावा लागतो. बहुतेक संचांत तो एकदोनदाच भरता येतो, तेव्हा कागद समोर ठेवून, शांतपणे भर. दुसरं, संचाला जीपीएस हवा. तू पाठवलेल्यांपैकी मधल्यात तो आतच आहे, पहिल्याला बाहेरून वायर जोडावी लागेल. जीपीएस नसेल तर गजर वाजेल, पण कुठे यायचं ते कुणाला कळणार नाही.

तिसरा, महागातला, जहाजांची नावं पडद्यावर दाखवतो. हा एक चोचला मला मान्य आहे, अँटेना आणि बॅटरीचे पैसे बाजूला काढून उरले तर. न्हावा-शेव्याला येणारं कंटेनरचं जहाज तुला पाहून थांबू शकत नाही, बऱ्याचदा तुला पाहतही नाही. "अहो लाल जहाज" म्हणून हाक मारण्यापेक्षा नाव घेऊन मारली तर उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त. २०१० च्या ऑगस्टमध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली तेव्हा कंटेनर समुद्रात पडून तरंगत होते, आठवतं? तू लहान होतास. अर्धवट बुडालेला कंटेनर लाटेत दिसत नाही. अशा धोक्यांच्या सूचना व्हीएचएफवर दिल्या जातात, त्या ज्याचा संच चालू आहे त्यालाच मिळतात.

दुबईहून कुणी बॅगेतून स्वस्तात आणून देतो म्हणतोय, ते नको. एकतर वायरलेस बाळगायला परवाना लागतो, ही गोष्ट १९३३ च्या कायद्यापासून चालत आली आहे, आणि कागद नसलेल्या संचाला क्रमांकही मिळायचा नाही. शिवाय अमेरिकेसाठी बनवलेल्या संचात काही चॅनल वेगळे पडतात. तसा संच हाती आलाच तर आंतरराष्ट्रीय पद्धतीवर आणून ठेवावा लागतो, नाहीतर तू एकीकडे बोलणार, समोरचा दुसरीकडे ऐकणार.

संच बसला की १६ वर कायम कान ठेव, पण गप्पा तिथे मारायच्या नाहीत. हाक मारायची, उत्तर आलं की दुसऱ्या चॅनलवर जायचं. पापलेटचा भाव, कालच्या मॅचचा निकाल, सगळं १६ वर चालतं ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याहून वाईट म्हणजे माइक गादीखाली किंवा जाळ्याखाली सापडून बटण दाबलेलंच राहतं. त्या होडीतला रेडिओवरचा गाण्याचा कार्यक्रम सगळ्या टापूला ऐकू येतो आणि त्याच्या जवळपासच्या कुणाचीही हाक पुढे जात नाही. माइकला खुंटी हवी, तीही तांडेलाच्या उजव्या हाताशी.

संकटात काय बोलायचं ते जाड अक्षरात लिहून संचाशेजारी चिकटव: मेडे तीनदा, होडीचं नाव तीनदा, जागा, काय झालंय, किती माणसं. मराठीतही चालेल, जवळच्या होड्या आपल्याच आहेत. पण जागेचे आकडे इंग्रजीतही सांगायची सवय कर, जहाजांवर कुठकुठले लोक असतात. आणि हे तुझ्या दोन्ही खलाशांना यायला हवं. तू पाण्यात पडलास तर बोलणार कोण?

तेव्हा मधला घे. उरलेल्या पैशांत अँटेना, केबल, वेगळी बॅटरी. २५ तारखेला चिरनेरच्या हुतात्मा दिनाला गावात येशीलच, तेव्हा येताना केबिनच्या छताची जाडी आणि छतापासून बॅटरीच्या फळीपर्यंतचं अंतर मोजून आण, म्हणजे केबल किती लागेल ते सांगता येईल. मोजताना दोरी सरळ ताणू नकोस, केबल ज्या वळणानं जाणार त्या वळणानं लाव. कनेक्टर मी माझ्या हातानं लावून देईन.

ताईला नमस्कार, आणि सुकटीची पिशवी मिळाली म्हणून सांग.

तुझा,
मामा