न निघालेली आवृत्ती

वर्षभर राबून केलेलं माझं फीचर परवा रद्द झालं. झोप येईना, म्हणून फोनवर फळांची जुनी चित्रं पाहत बसलो.

विल्यम कॉक्स, न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनचा बागायतदार. १८१७ साली फळझाडांवर त्याचं पुस्तक आलं, चित्रं बिनरंगी. पुढच्या आवृत्तीसाठी मुलींनी फळं जलरंगात रंगवली. १८३१मध्ये बाप गेला, आवृत्ती निघालीच नाही. मुलगा रिचर्ड वॉशिंग्टनमध्ये वकील. सर्वोच्च न्यायालयातले त्याचे युक्तिवाद निकालांच्या खंडांत छापले गेले. बहिणींचे रंग मात्र घरच्या कागदांतच राहिले. (आता ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयात आहेत.)

सफरचंद टिकतं तरी. पीच दोन दिवसांत मऊ पडतं, हात भराभर चालवायला हवा. मला ती घाईच दिसत राहिली.