डमडमला समुद्र नाही, पण वाळू आणता येते!

कलकत्त्याला विमानानं जाणाऱ्या मराठी माणसाचं पहिलं पाऊल पडतं ते डमडमला. विमानतळाला १९९५ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव मिळालं, तरी जुन्या कलकत्तेकरांच्या तोंडी अजून ‘डमडम एअरपोर्ट’च आहे. ‘दमदमा’ म्हणजे तोफांसाठी रचलेला मातीचा उंचवटा. त्यावरूनच या भागाचं नाव पडलं, असं सांगतात. कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी इथलीच. १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली तीही इथंच. शरीरात शिरताच पसरणारी कुप्रसिद्ध डमडम गोळी इथल्याच कारखान्यात तयार झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी आली. कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्यांवर आपल्या आजी-आजोबांनी नाट्यगीतं ऐकली, त्या एचएमव्हीचा कारखानाही १९२८ पासून डमडमचाच.

तोफा, गोळ्या, कारखाने आणि दाटीवाटीची वस्ती. अशा गावातल्या एखाद्या व्हॉलीबॉलपटूनं ‘मला बीच व्हॉलीबॉल खेळायचंय’ असं म्हटलं तर घरचे पहिला प्रश्न काय विचारतील? ‘अरे बाबा, इथं समुद्र कुठाय?’

प्रश्न रास्त आहे. जळगावच्या किंवा लातूरच्या आईवडिलांनीही हाच प्रश्न विचारला असता. पण उत्तर वाटतं तितकं अवघड नाही.

सहाचे दोन होतात तेव्हा

बंगाल म्हटलं की फुटबॉल आठवतो. पण व्हॉलीबॉलही तिथं परका नाही. प्राइम व्हॉलीबॉल लीगचं पहिलंच विजेतेपद २०२२ साली कोलकाता थंडरबोल्ट्सनं पटकावलं. गल्लीतला खेळाडू मात्र आपल्याकडच्यासारखाच मातीच्या मैदानावर घडतो. नाव इनडोअर, पण डोक्यावर आभाळच!

मातीवरून वाळूवर जाणं म्हणजे फक्त बूट काढून ठेवणं नव्हे. सहा जणांच्या संघात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एकानं चेंडू उचलून द्यायचा, दुसऱ्यानं स्मॅश मारायचा, तिसऱ्यानं जाळीपाशी भिंत उभी करायची. वाळूवर खेळाडू दोनच. बदली खेळाडू नाही. मैदान १८ बाय ९ मीटरचं १६ बाय ८ होतं खरं, पण माणशी वाट्याला येणारी जमीन पूर्वीच्या जवळजवळ अडीचपट! जाळीची उंची मात्र तीच: पुरुषांना २.४३ मीटर, महिलांना २.२४ मीटर.

नियमही खोडी काढतात. ब्लॉकला लागलेला चेंडू सहाच्या खेळात तीन स्पर्शांत मोजत नाहीत, इथं तो पहिला स्पर्श ठरतो. बोटांच्या टोकांनी हळूच चेंडू पलीकडे टाकायची जुनी युक्ती इथं चालत नाही. चेंडू किंचित मोठा आणि हवा कमी असलेला, त्यामुळे वारा त्याला हवा तसा फिरवतो. म्हणून दर सात गुणांनी बाजू बदलतात. ऊन आणि वारा दोघांना सारखेच वाटून घ्यायचे!

सगळ्यात मोठी फजिती उडीची. मातीवर लांब धावत येऊन उसळणारा स्मॅशर वाळूत घोट्यापर्यंत रुततो. त्याला पावलं आखूड करावी लागतात, सरळ वर उडायला शिकावं लागतं आणि चेंडू नेमका कुठं येतोय हे कळेपर्यंत धीर धरावा लागतो. वाळू पडणाऱ्या गुडघ्याला सांभाळून घेते, पण पोटऱ्यांची चांगलीच परीक्षा पाहते. पाठीमागे लपवलेल्या बोटांची खूणही नव्यानं शिकायची. एक बोट म्हणजे ‘मी सरळ रेषेतला फटका अडवतो’, दोन बोटं म्हणजे ‘तिरका’. बाकीचं जोडीदारानं ओळखायचं.

अमेरिकेच्या कार्च किरायनं हे सगळं साधलं. १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सहाच्या संघातून सुवर्णपदक आणि १९९६ मध्ये, पस्तिशीत, केंट स्टेफेसच्या जोडीनं वाळूवरचं सुवर्ण. दोन्हीकडे सुवर्ण मिळवणारा दुसरा कुणी नाही. पण तो अकराव्या वर्षी वडिलांबरोबर वाळूवरच्या स्पर्धेत उतरला होता. त्याच्या घराजवळ समुद्र होता!

दीघ्याची वाळू

डमडमकराचा समुद्र म्हणजे दीघा. हावड्याहून गाडी धरायची, सुमारे १८५ किलोमीटर अंतर कापायचं की बंगालचा लाडका किनारा. बंगाली कुटुंबं तिथं हौसेनं जातात, मासे खातात, लाटांत डुंबतात. पण तिथली ओली वाळू इतकी सपाट आणि घट्ट बसलेली की चालताना पाऊल फारसं रुतत नाही. जवळच्या मंदारमणीच्या किनाऱ्यावर तर लोक मोटारी पळवत आले आहेत. फिरायला ती झकास, पण बीच व्हॉलीबॉलला हवी किमान ४० सेंटीमीटर खोल, भुसभुशीत, खडे-शिंपले नसलेली वाळू. म्हणजे समुद्र गाठला तरी मैदान आयतं मिळेलच असं नाही. आणि रोजच्या सरावाला १८५ किलोमीटर जाणार कोण?

त्रेचाळीस ब्रासचा किनारा

इथं मदतीला येतो खेळाचाच इतिहास. बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम आलं ते १९९६ साली अटलांटात, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणलेल्या वाळूवर! २०१२ ला लंडनच्या हॉर्स गार्ड्स परेडवर आणि २०२४ ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी वाळू ओतली गेली. पॅरिसचं पुरुषांचं सुवर्ण नेलं स्वीडनच्या ओमान-हेल्विग जोडीनं. त्याआधी टोकियोत नॉर्वेच्या मोल-सोरुम जोडीनं. दोन्ही देश बर्फाचे!

मग डमडमचा हिशेब करून पाहू. मैदानाभोवती तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तर २२ बाय १४ मीटर. ४० सेंटीमीटर खोलीला वाळू लागते १२३ घनमीटर, आपल्या भाषेत साधारण त्रेचाळीस-चव्वेचाळीस ब्रास. बारीक गाळ मिसळलेली वाळू अंगाला चिकटते आणि धूळ उडवते, म्हणून ती धुतलेली हवी. खाली खडीचा थर आणि पाणी निघून जायला पाइप हवाच, कारण पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची कहाणी डमडमकरांना सांगायला नको. खर्च एकट्या खेळाडूच्या आवाक्यातला नाही. पण शाळा, क्लब किंवा नगरपालिका यांच्या आवाक्याबाहेरचाही नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे व्हॉलीबॉलपटूचं पोट भरतं ते रेल्वे, सेनादल, पोलीस, बँका यांच्या संघांतून, आणि तिथं मुख्यतः सहाच्या खेळातलं कसब पाहिलं जातं. म्हणून ‘वाळूच्या नादात नोकरी हुकली तर?’ ही आईवडिलांची भीती खोटी नाही. अलीकडे दारं थोडी उघडली आहेत. २०१५ साली केरळमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बीच व्हॉलीबॉल होतं आणि २०२५ च्या मे महिन्यात दीवला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्समध्येही. तरी एकदम उडी टाकण्यापेक्षा सहाचा खेळ चालू ठेवून सुटीच्या दिवशी वाळूवर घाम गाळावा, हे शहाणपणाचं. पास घेणं, चेंडू उचलून देणं आणि फटका मारणं ही तिन्ही कामं ज्याला अंगवळणी पडतात, तो मातीच्या मैदानावरही संघाला हवाहवासा वाटतो.

ऑगस्ट २०२५ पासून विमानतळापर्यंत मेट्रो आली आहे. ‘जय हिंद’ स्थानकात बसलं की वाटेतच डमडम कॅन्टोन्मेंट लागतं. तोफखान्यासाठी इथं कधीकाळी मातीचा ढीग रचला गेला, त्याचं नाव अडीचशे वर्षं टिकलं. एखाद्या क्लबानं मनावर घेतलं तर चव्वेचाळीस ब्रास वाळूचा ढीग त्या मानानं फार मोठा नाही.