दांडिया बाजार ते मालसर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात पत्ता सांगताना जुनी माणसे अजून ‘माणिकरावांचा आखाडा’ अशी खूण सांगतात. श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर हे त्याचे नाव. उस्ताद जुम्मादादांची परंपरा त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी चालवली. व्यायाम शिकवता शिकवता ते मोडलेली हाडेही बसवत.

याच आखाड्यात 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण तयार झाला. पुढे तोच स्वामी कुवलयानंद झाला आणि 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. आखाड्यातून योगाकडे जाणारी ही वाट मला भाच्याला दाखवायची होती. तो जिममध्ये शंभर किलोचे स्क्वॉट मारतो. पण दोन महिने कंबर धरलेली, आणि योग म्हणजे पेन्शनरांचे काम, असे त्याचे ठाम मत.

दांडिया बाजारातून निघून आम्ही डभोईला गेलो. हे गुण्यांचे जन्मगाव. जन्म 1883 चा. हिरा भागोळीचे कोरीव काम डोळे भरून पाहिले आणि शिनोरच्या बाजूने नर्मदाकाठी मालसरला पोहोचलो. येथेच परमहंस माधवदासजींकडे गुणे योग शिकले.

घाटावर भाच्याला म्हटले, “टाचा न उचलता उकिडवा बस.” तो बसला, टाचा उचलल्या गेल्या आणि मागे कलंडला. चार पायऱ्या खाली एक आजीबाई तशाच बसून निवांत भांडी घासत होत्या. “मामा, हे अवघड आहे हो!” तो हसत म्हणाला.

घोटा आणि खुबा पुरेसे वळले नाहीत, तर खाली बसताना कंबर गोल होते आणि खांद्यावरचा भार तिच्यावर येतो. मालासनाने नेमकी हीच जागा मोकळी होते. भुजंगासनाने छाती उघडते आणि पाठीची ताकद वाढते. आपल्या दंडात तर पर्वतासन आणि भुजंगासन दोन्ही आहेत; जोर आणि लवचिकपणा आखाड्याने कधी वेगळे केलेच नव्हते.

श्वासाचेही तसेच. जड वजन उचलताना आपण श्वास रोखून पोटातला दाब वाढवतो. उड्डियान आणि नौलीत तो उलट कमी होतो. कुवलयानंदांनी हा दाब उपकरणांनी मोजला आणि त्या पोकळीला गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. (रक्तदाब असलेल्यांनी असे प्रयोग वैद्यांना विचारूनच करावेत.)

वेळ मात्र सांभाळावी. जड वजन उचलण्याच्या लगेच आधी स्नायू बराच वेळ ताणून धरले, तर ताकद थोडा वेळ कमी पडते. तेव्हा आधी अंग गरम करण्यापुरते सूर्यनमस्कार, आणि सावकाश आसने नंतर किंवा सुट्टीच्या दिवशी. शेवटी पाच मिनिटे लांब उच्छ्वास आणि शवासन. धडधड लवकर शांत होते.

परतताना भाचा गप्प होता. डभोई मागे पडल्यावर म्हणाला, “मामा, कंबर बरी होईपर्यंत वजन निम्मे करतो. आणि ते उकिडवे बसणे रोज.”

तुमच्या घरीही असा पहिलवान असेल, तर त्याला एकदा मालसरचा घाट दाखवा.