तळघरात उतरलेला मुलगा

आमचा धंदा पगाराचा. बेंगळुरूच्या पीण्या, बोम्मसंद्र भागातले लहान कारखाने आपली हजेरी आमच्याकडे पाठवतात. पगारपत्रकं, पीएफ, टीडीएस आम्ही बघतो. म्हणजे लोकांनी आपल्या कामगारांची बँक खाती, कर्जाचे हप्ते, सगळं माझ्या हवाली केलं होतं आणि मी त्यांच्यासाठी बाहेरचाच माणूस होतो. तोच मी बारा वर्षं म्हणत आलो, आपला डेटा बाहेरच्याच्या हातात द्यायचा नाही. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

डिझास्टर रिकव्हरीवाले यायचे. तुमच्या सर्व्हरची प्रत आम्ही दुसऱ्या शहरात तयार ठेवतो, इथलं बंद पडलं की तिथून काम सुरू, असं सांगायचे. मी ऐकून घ्यायचो आणि परत पाठवायचो. मार्च 2021 मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ती बातमी मी ऑफिसात सगळ्यांना दाखवली. बघा, परक्याच्या भरवशावर राहिलं की काय होतं! ज्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी होत्या ते त्यातून सावरले, हेही मी वाचलं होतं. तेवढं मात्र कुणाला सांगितलं नाही.

सुरक्षिततेची काळजी हे सांगण्यापुरतं कारण होतं. खरं म्हणजे महिन्याचं बिल नको होतं. आणि परक्याने येऊन आमची व्यवस्था उघडून पाहिली तर तिच्यातला गबाळेपणा दिसेल, याची मला भीती होती.

ऑफिस बेळ्ळंदूरजवळ, सर्व्हरची खोली तळघरात, कारण तिथे भाडं कमी. बॅकअपच्या डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात. हे सगळं सांभाळणारा एकच मुलगा, निपाणीचा. "आपला माणूस आहे," असं मी अभिमानाने सांगायचो.

4 सप्टेंबर 2022, रविवारची रात्र. बेंगळुरूत त्या चोवीस तासांत 131.6 मिलिमीटर पाऊस झाला. राजकालुवे, म्हणजे तिथले मोठे नाले, जागोजागी अतिक्रमणांनी आवळलेले. तलाव भरून वाहिले आणि पाणी वाट मिळेल तिकडे शिरलं. पुढच्या दिवसांत ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर जाणाऱ्या आयटीवाल्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मी मात्र त्याआधीच, सोमवारी पहाटे चारला, त्या मुलाला फोन केला. ऑगस्टचा टीडीएस 7 तारखेच्या आत भरायचा होता. मी म्हणालो, "काहीतरी कर, पण डिस्क काढ."

"बघतो सर," एवढंच तो म्हणाला.

तो छातीभर पाण्यातून तळघरात उतरला. यूपीएसच्या बॅटऱ्या अजून चालू होत्या. दोन डिस्क डोक्यावर धरून तो वर आला आणि मला फोटो पाठवला. मी आधी डिस्क पाहिल्या. तो भिजून थरथरत होता, हे त्याच फोटोत दिसत होतं. ते मी नंतर पाहिलं.

दोनातली एकच डिस्क वाचता आली. तिच्यावर 18 ऑगस्टनंतरची एकही प्रत पुरी उतरली नव्हती. ते आम्हाला कळलंही नव्हतं, कारण बॅकअपमधून डेटा परत आणून पाहायचा असतो, तो आम्ही कधी आणलाच नव्हता.

पण माझं मत बदललं ते त्या डिस्कमुळे नाही. सोमवारी रात्री व्हाइटफील्डजवळ साचलेल्या पाण्यातून घरी जाणारी एक तरुणी विजेच्या खांबाचा धक्का बसून गेली. मंगळवारी सकाळी ती बातमी वाचताना मी मध्येच थांबलो. पाणी आणि वीज. आमच्या तळघरात दोन्ही होतं आणि त्यात एका आईचा मुलगा मी पाठवला होता. त्याला काही झालं असतं तर निपाणीला फोन करून मी काय सांगितलं असतं? टीडीएसची तारीख? मी ज्याला स्वावलंबन म्हणत होतो, ते त्या मुलाच्या जिवावर उभं होतं. त्याने नाही म्हटलं नाही, कारण मालकाला नाही म्हणता येत नाही. हे मला त्या पहाटेही माहीत होतं. तरी मी फोन केला.

डिसेंबरपर्यंत मी चार कंपन्यांशी बोललो. बंद पडल्यावर किती वेळात उभं करून द्याल आणि मधला किती वेळाचा डेटा जाईल, हे दोन आकडे करारात लिहून मागितले. प्रत बेंगळुरूत नको, म्हणालो. आणि सगळं बंद पडल्याचा सराव करून दाखवायचा, त्यात तो मुलगा नसेल, त्याला फोनही करायचा नाही, ही अट घातली. दोघांनी ती टाळली. ज्यांनी मानली, त्यांतल्या एका कंपनीला काम दिलं. त्यांच्याकडची आमची प्रत हैदराबादला असते.

पहिल्या सरावात करारातल्या चार तासांचे नऊ झाले. पगाराच्या सॉफ्टवेअरचा डाँगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, आमच्या जुन्या मशीनलाच लावलेला होता आणि हैदराबादच्या प्रतीला तो सापडेना. चूक आमची होती. तरी त्यांनी अहवालात नऊ तास स्पष्ट लिहिले. तो कागद वाचून मला पहिल्यांदा त्यांच्याविषयी विश्वास वाटला.

सरावाच्या त्या शनिवारी तो मुलगा बहिणीच्या लग्नासाठी निपाणीला होता. सोमवारी आल्यावर त्याने विचारलं, "सर, मला फोन का नाही केला?"

तेव्हा मी त्याची त्या पहाटेबद्दल माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला पोहता येत नाही."