बाबांचा मेसेज लॅपटॉपवर का येत नाही?

एसएमएसचा इनबॉक्स तुम्ही शेवटचा मनापासून कधी वाचलात? आठवत नाही ना? साहजिक आहे. तिथे आता माणसं राहतच नाहीत. राहतात ते ओटीपी, कुरिअरवाले, बँका आणि 'अभिनंदन, तुमचं लोन मंजूर झालंय' म्हणणारे परोपकारी लोक. गप्पाटप्पा केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर शिफ्ट झाल्या. माझ्या इनबॉक्समध्ये मात्र एक जुना भाडेकरू अजून टिकून आहे. आमचे बाबा!

बाबा कुडाळला असतात, पोस्टातून रिटायर झालेत आणि बटणांचा फोन वापरतात. स्मार्टफोन घेऊन देते म्हटलं की 'त्याला रोज चार्ज कोण करणार?' हा ठरलेला प्रश्न. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, त्या काळातला माणूस. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, बाबांची सवय काही सुटली नाही. 'आंबे उतरवले. पेटी रविवारी.' बस्स, संपला मेसेज. तेही इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी. तसं टाइप केलं तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. (बाबांना ७०सुद्धा जास्तच होतात, तो भाग वेगळा.)

मी फ्रीलान्सर. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कानात हेडफोन, समोर लॅपटॉप आणि फोन सायलेंटवर पालथा, असा माझा दिवस जातो. फोन हातात घेतला की अर्धा तास रील्समध्ये गेलाच म्हणून समजा. म्हणून एसएमएस लॅपटॉपवरच बघायची सोय करून घेतली. क्यूआर कोड स्कॅन केला, काम फत्ते. ओटीपी टुणकन स्क्रीनवर! एकदम सॉलिड.

मग एका मंगळवारी रात्री नऊला फोन उचलला आणि लॅपटॉपवर चार मेसेज धपाधप पडले. त्यातला एक सकाळी अकराचा. 'मोतीबिंदूची तारीख अलीकडे आली. गुरुवारी ऑपरेशन. येतेस का.' त्याखाली दुपारी चारचा. 'नाही जमलं तरी चालेल. शेजारी विचारलंय.' फोन करायचा नाही, कारण ती माझी 'ऑफिसची वेळ'. ऑफिस म्हणजे आमचं डायनिंग टेबल, हे त्यांना आजवर पटलेलं नाही. बुधवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट मिळालं. पण ते 'शेजारी विचारलंय' घशात अडकलं ते अडकलंच.

ओटीपी येतो आणि बाबा येत नाहीत, हा काय प्रकार?

गंमत अशी की कॉम्प्युटर आणि एसएमएस यांचं नातं जन्मापासूनचं आहे. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश इंजिनिअरनं कॉम्प्युटरवरूनच पाठवला होता. 'मेरी ख्रिसमस' असा. आपल्या लॅपटॉपवर दिसतो तो मात्र निव्वळ आरसा. मेसेज येतो सिमकार्डवाल्या फोनवर. मग फोन तो इंटरनेटवरून ब्राउझरला दाखवतो. गूगल मेसेजेसची वेबची सोय २०१८मध्ये आली, ती अशीच चालते. फोनला नेट नसेल किंवा फोन गाढ झोपला असेल, तर आरशात काही दिसणार नाही.

माझा फोन झोपत होता! बॅटरी वाचवण्यासाठी कंपनीनं आधीच लावून दिलेलं सेटिंग स्क्रीन बंद झाली की मेसेजच्या अ‍ॅपला पडद्यामागे काम करू देत नव्हतं. (कुठली कंपनी ते सोडा, ही खोड बऱ्याच जणांत आहे.) ओटीपीच्या वेळी पेमेंट चालू असतं, फोन हाताशी आणि जागा, म्हणून ते वेळेवर. सकाळी अकराला बाबांसाठी कोण जागं असणार?

तुमचंही असं होतंय का, हे बघणं सोपं आहे. फोन लॉक करून अर्धा तास तसाच ठेवा आणि मैत्रिणीला एसएमएस करायला सांगा. फोन उचलल्यावरच लॅपटॉपवर उगवला, तर चोर सापडला. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, डेटा सेव्हरमधूनही त्याला सूट द्या. तरी अडलं तर जोडलेले सगळे कॉम्प्युटर काढून टाका आणि नव्यानं जोडा. आयफोन-मॅकवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे दोन्हीकडे एकच अ‍ॅपल अकाउंट हवं आणि आयफोनवर 'टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग'मध्ये मॅकचं नाव चालू हवं. निळे मेसेज येतात आणि हिरवे येत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी तिथेच बघा.

आणि हो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे जोडलं असेल तर सावधान! तुम्ही चहाला गेलात आणि स्क्रीन उघडी राहिली, की तुमचे बँकेचे ओटीपी शेजारच्या खुर्चीलाही दिसतात. नोकरी सोडताना आयकार्ड परत करतो तसं हेही आठवणीनं तोडायचं.

सेटिंग बदललं, प्रश्न सुटला. पण आरसा हा शब्द डोक्यातून जाईना. उद्या फोन रिक्षात राहिला तर? लॅपटॉपवर काय उरणार? काही नाही! सहा वर्षांचे बाबा त्या एका फोनमध्ये होते. मग 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' नावाचं अ‍ॅप घेऊन सगळे मेसेज एका फाइलमध्ये उतरवले आणि पेनड्राइव्हवरही टाकले. बाबांचे ४१२ निघाले. दुपारभर वाचत बसले. आई गेली त्या वर्षीच्या जूनमध्ये रोज रात्री साडेनऊला एकच शब्द आहे, 'जेवलो.' ओळीनं सव्वीस दिवस.

ऑपरेशन छान झालं. मी पुण्याला परतल्यावर चौथ्या दिवशी, फोन पालथा असतानाच, लॅपटॉपच्या कोपऱ्यात बाबा उगवले. 'आता स्पष्ट दिसतं. तुझी स्पेलिंगं फार चुकतात.'