चेरी ग्रोव्हच्या गॅरेजातले विमान

वाचकहो, आज तुम्हांला एका फार लांबच्या गावी नेणार आहे. पण तिथे पोचल्यावर गाव अगदीच परके वाटणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, आयोवा राज्याच्या हद्दीजवळ, चेरी ग्रोव्ह नावाची लहानशी वस्ती आहे. थोडीशी घरे, भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेते, मधूनमधून दुभत्या गाईंचे गोठे. हिवाळ्यात सगळा मुलूख बर्फाखाली जातो आणि शेतातले काम थांबते. रस्त्याने जाताना तुम्ही गाडी थांबवणारही नाही, इतके हे गाव साधे आहे.

पण थांबा. याच गावात बर्नार्ड पीटनपोल नावाचा एक मेकॅनिक राहत होता. त्याचा जन्म 1901 सालचा. इंजिनिअरिंगचे शिक्षण त्याने घेतले नव्हते. गावातल्या मोटारी दुरुस्त कराव्यात, नवे यंत्र आले की उघडून पाहावे, असा त्याचा क्रम. त्याच्या मनाने घेतले की आपण विमान बांधायचे आणि आपणच उडवायचे.

अडचण होती इंजिनाची. विमानाचे इंजिन महाग, ते खेड्यातल्या माणसाला कुठून परवडणार? मग त्याने फोर्ड मोटारीचे इंजिन घ्यायचे ठरवले. आधी जुन्या ‘मॉडेल टी’ मोटारीचे लावून पाहिले. ते कमी पडले. पुढे ‘मॉडेल ए’ मोटार आली. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, चाळीस अश्वशक्तीचे, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरच्या ताकदीचे. 1929 साली या इंजिनावर त्याचे दोन माणसांचे विमान उडाले. एका मासिकाच्या संपादकाचे मत होते की मोटारीच्या इंजिनावर विमान धड उडणार नाही. पीटनपोलने वाद घातला नाही. 1930 साली तो आपली दोन विमाने मिनिआपोलिस शहरी उडवत घेऊन गेला आणि त्याला दाखवली. पुढे 1932 साली याच विमानाचे नकाशे छापून आले. ‘एअर कँपर’ हे त्या विमानाचे नाव. पीटनपोल 1984 साली वारला. पण त्या नकाशांवरून आजही लोक विमाने बांधतात.

हिवाळ्यातले काम

आता कोठारात चला आणि विमान कसे बांधतात ते पाहा. पहिले काम पंखाच्या फासळ्यांचे. एका फळीवर फासळीचा आकार आखून घ्यायचा, रेषेच्या कडेने लाकडी ठोकळे बसवायचे आणि त्यांच्यामध्ये स्प्रूस झाडाच्या बारीक काड्या दाबून बसवायच्या. जिथे काडीला काडी मिळते तिथे प्लायवूडचा तुकडा गोंदाने चिकटवायचा. एक फासळी वाळली की दुसरी. साच्यातून विटा पाडाव्यात तशा या फासळ्या निघतात. सगळ्या हुबेहूब सारख्या हव्यात.

त्या काळी लाकडी विमाने ज्या गोंदाने जोडत, तो ऐकून दूधवाल्या घरांना नवल वाटेल. तो दुधापासून होई! दुधातले केसिन काढून, वाळवून त्याची भुकटी करत. लाकूड तो पक्के धरी. पण ओल लागली की कुजे, बुरशी धरी. म्हणून आता इपॉक्सी गोंद वापरतात.

फासळ्या लांब तुळयांवर ओवल्या की पंखाचा सांगाडा तयार होतो. त्यावर कापड चढते. पूर्वी सुती कापड असे आणि त्याला डोप नावाचे रोगण देऊन ताणत. आता पॉलिस्टरचे असते. ते गरम इस्त्रीने आकसून ढोलाच्या पानासारखे ताठ होते. नुसते चिकटवून मात्र भागत नाही. हवेच्या ओढीने ते फासळीवरून सुटू नये म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याने आरपार शिवावे लागते. एक जण वरून लांब सुई घालतो, दुसरा खालून ती परत देतो. दर दोन-तीन इंचांवर गाठ. गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायांना हे काम शिकवावे लागणार नाही.

आता सामानसुमान पाहा. या विमानाला मोठा थाट लागत नाही. किती उंचावर आहोत ते सांगणारे एक घड्याळ, हवेतला वेग सांगणारे दुसरे, होकायंत्र, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता, एवढ्यावर भागते. नव्या धाटणीची विमाने बांधणारे आता टेलिव्हिजनसारखे पडदेही बसवतात. पण जुन्या साध्या विमानांत पेट्रोल मोजायला टाकीत तरंगणारे बूच आणि त्याला उभी तार एवढेच असे. तार खाली गेली की पेट्रोल संपत आले.

लहान गोष्टींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले तर टाकी भरलेली असूनही इंजिन बंद पडते. डिझेल पंप चालवणाऱ्यांना हे सांगायला नकोच. वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. मग घड्याळ खोटा वेग दाखवते. म्हणून विमान उभे असताना त्या नळीला टोपी घालतात.

शेवटी तोल. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन घेतात. बैलगाडी मागे जड झाली की उलाळते, हे आपण जाणतोच. विमानही शेपटीकडे जड झाले तर नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते. गाडीतली पोती पुढे सरकवता येतात. आकाशात गेल्यावर काही सरकवता येत नाही.

झाकण्याआधी दाखवा

कापड चढवण्याआधी बांधणारा जाणत्या मंडळींना बोलावतो. पंख उघडा असतो तोवरच आतले सांधे दिसतात. गोंद कुठे सुटला का, नटात स्प्लिट पिन घातली का, तार कुठे घासते का, हे तेव्हाच कळते. एकदा कापड शिवले की चांगले काम आणि वाईट काम बाहेरून सारखेच दिसते. रंग दोन्हींवर तेवढाच खुलतो.

अमेरिकेत घरी विमान बांधायची मोकळीक आहे, पण तिला बांध घातलेले आहेत. निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेले असले पाहिजे. कामाची वही आणि फोटो ठेवावे लागतात. सरकारी तपासणी होते. आत बसणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी मोठ्या अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक, असे लिहावे लागते. पहिली पंचवीस ते चाळीस तासांची उड्डाणे विरळ वस्तीच्या भागावर, पाहुणे न घेता करायची. पीटनपोलच्या मोटार-इंजिनासारखे इंजिन असेल तर चाळीस तास.

एवढे करूनही धोका संपत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली या विमानांचा अभ्यास केला. 2011 साली तिथल्या लहान खाजगी विमानांत घरी बांधलेली विमाने दहा टक्क्यांच्या आसपास होती. पण जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा एकवीस टक्के होता. इंजिन बंद पडणे आणि विमान ताब्यातून जाणे ही मोठी कारणे. पुष्कळ अपघात पहिल्या काही उड्डाणांतच झाले, तर काही दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेऊन, त्याची नीट सवय होण्याआधीच उडवताना झाले.

गवताची धावपट्टी आणि मोठी जत्रा

जुलै महिन्यात या मंडळींचे मेळे भरतात. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ब्रॉडहेड गावी गवताची धावपट्टी आहे. तिथे पीटनपोल विमानांचा मेळावा भरतो. पंख वर, त्याखाली दोन उघड्या बैठका, आणि पुढे इंजिनावर उभा मोटारीचा रेडिएटर, अशी ही विमाने गवतावर उतरतात.

तिथून मंडळी जातात ऑश्कोशला. 1953 साली पॉल पोबेरेझ्नी याने मिल्वॉकी शहरात हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. तिचा मेळा 1970 पासून ऑश्कोशला भरतो. आता तिथे दहा हजारांवर विमाने उतरतात आणि आठवड्याभरात सहा-सात लाख माणसांची ये-जा होते. आपल्या पंढरीच्या वाटेवर दिंड्या जशा एकामागून एक चालतात, तशी लहान विमाने रिपन गावापासून फिस्कपर्यंत आगगाडीच्या रुळांवरून एका ओळीत येतात. वैमानिकाने रेडिओवर बोलायचे नाही. खालून सूचना आली की पंख हलवून ‘ऐकले’ म्हणायचे. धावपट्टीवर रंगीत ठिपके आहेत. तुला हिरव्यावर, मागच्याला नारिंगीवर उतरायचे, असे सांगतात. उतरल्यावर विमानाच्या पंखाखालीच तंबू ठोकतात.

ऑश्कोशच्या संग्रहालयाच्या जुन्या विमानतळावर एक लाकडी शेड पाहायला विसरू नका. ती पीटनपोलची. चेरी ग्रोव्हहून ती खोलून आणली आणि इथे पुन्हा उभी केली.

आणि आपल्याकडे

हे वेड आपल्या मातीतही आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. 2016 साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी आणि परवानगीसाठी त्यांना पुष्कळ वाट पाहावी लागली. अखेर 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले.

मंडळी, विमान बांधा असे सांगण्यासाठी हे लिहिले नाही. पण शेतीतही झाकले जाणारे काम थोडे नसते. विहिरीच्या कड्यांमागची भर, जमिनीत गाडलेल्या पाइपाचा सांधा, मोटारीच्या वायरीचा जोड, ट्रॉलीचे वेल्डिंग. माती लोटल्यावर आणि रंग दिल्यावर सगळे सारखेच दिसते. पीटनपोलच्या पंखातला सांधाही दिसत नव्हता. पण त्यावर भरवसा ठेवून त्याला स्वतः वर जायचे होते. म्हणून पुढच्या खेपेला असे काही झाकाल, तेव्हा आधी एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला हाक मारा आणि म्हणा, “दादा, झाकण्याआधी जरा बघून जा.”