बैलगाडीची गोष्ट मी आता सांगत नाही

मांजर आडवं गेलं की माणसं का थांबतात, या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षं एक तयार उत्तर होतं. नेरुळच्या शाळेत विज्ञान शिकवताना आणि पुढे सानपाडा, सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये अंधश्रद्धेवर बोलताना मी ते मोठ्या खात्रीने देत असे. पूर्वी लोक रात्री बैलगाडीने जात, वाटेत मांजराचे डोळे चमकले की बैल बुजत, म्हणून गाडीवान घटकाभर थांबे. पुढे कारण विसरलं गेलं आणि थांबणं तेवढं उरलं. ऐकणाऱ्यांना हे फार आवडायचं. त्यात आजीही शहाणी ठरायची आणि विज्ञानालाही धक्का लागत नसे. हे उत्तर मी सोडलं आहे, आणि का सोडलं ते नीट सांगावंसं वाटतं.

सुरुवात सातवीतल्या एका मुलीने केली. तिने विचारलं, "बाई, बैलाचे डोळे नाही का चमकत?" चमकतात. मांजराच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा जो थर असतो, तो कुत्रा, गाय, बैल, घोडा या सगळ्यांना असतो. कंदील घेऊन गोठ्यात गेलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. जोडीदाराचे चमकते डोळे रोज बघणारा बैल मांजराला का बुजेल? आणि बुजतच असेल तर कुत्रं आडवं गेलेलं आपल्याला का चालतं? मला माझी आजी आठवली. भर दुपारी पायी बाजाराला निघतानाही मांजर दिसलं की ती घरात परत यायची, घोटभर पाणी प्यायची आणि मगच निघायची. तिच्या भीतीत रात्र नव्हती, गाडी नव्हती, बैलही नव्हते. मांजर काळं की पांढरं, हेही तिने कधी पाहिलं नाही. बैलगाडीच्या गोष्टीचा आधार ती सांगणारे कधीच देत नाहीत. मीही दिला नव्हता. एकाने दुसऱ्याला सांगावी आणि ऐकायला बरी वाटते म्हणून टिकावी, अशी तीही एक लोककथाच होती.

मग मी जुन्या ग्रंथांकडे वळले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाचे, म्हणजे वेदपठण बंद ठेवण्याचे नियम आहेत. गुरू आणि शिष्य यांच्या मधून गुरं, बेडूक, मांजर, कुत्रा, साप, मुंगूस किंवा उंदीर गेला तर एक दिवस आणि एक रात्र पठण बंद. हे वाचून मी थबकले. मधून जाण्याने काम मोडतं ही कल्पना इथे स्पष्ट आहे, पण त्यात मांजर एकटं नाही! बेडूक आज कुणाची वाट अडवत नाही. उंदीर गणपतीपाशी बसला. मुंगसाचं तर तोंड दिसावं म्हणून आपण लहानपणी धडपडायचो. इतक्या जणांच्या यादीतून अपशकुनी म्हणून नाव झालं ते मांजराचं. त्या नियमापासून माझ्या आजीच्या घोटभर पाण्यापर्यंत सरळ रेघ ओढायला मी धजावणार नाही. पण प्रश्न बदलला. मांजराला का भ्यावं, यापेक्षा मांजरच का उरलं, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हेही आपण ऐकत आलो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारल्याचं प्रायश्चित्त आहे, पण त्यात सोनं नाही. तीन रात्री दुधावर राहावं, किंवा एक योजन चालावं, किंवा नदीत स्नान करावं, किंवा सूक्त जपावं. त्याच्या आधीचा श्लोक मात्र मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारल्यास शूद्रहत्येचं व्रत करावं असं सांगतो. माणसाचा जीव आणि बेडकाचा जीव एका मापाने मोजणारा हा श्लोक वाचला की २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचं दहन का झालं, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. प्रत्येक रूढीमागे पूर्वजांचं काहीतरी शास्त्र असणारच, हा माझा आग्रह तिथेच संपला.

युरोपातही अशी एक गोष्ट फिरते. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३३ मध्ये मांजरं मारायला लावली, उंदीर माजले आणि प्लेग आला. त्यांच्या पत्रात जर्मनीतल्या पाखंडी लोकांच्या कथित विधीचं वर्णन आहे आणि त्यात काळं मांजर आहे, हे खरं. मांजरं मारण्याचा आदेश त्यात नाही, आणि प्लेग युरोपात पोचला तो १३४७ मध्ये.

याचा अर्थ जुन्या माणसांचं निरीक्षण मी झटकून टाकते असा नाही. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात हा आकडा सोडा, पण धोका वाटला की ती पिल्लं मानेला धरून खरंच जागा बदलते. वराहमिहिराने बृहत्संहितेत लवकरच पडणाऱ्या पावसाची लक्षणं दिली आहेत. मांजरं नखांनी जमीन उकरू लागतात, लोखंडाच्या गंजाला वास येतो, पोरं रस्त्यात मातीचे बांध घालतात. पाऊस त्याने येवो न येवो, सहाव्या शतकातल्या त्या माणसाने मांजराकडे आणि पोरांकडे किती मायेने पाहिलं होतं!

मांजरीची वार तिजोरीत ठेवली की पैसा येतो, या समजुतीचं मूळ मात्र मला दिसतं. व्याल्यावर मांजरी वार लगेच खाऊन टाकते. तिला अन्न मिळतं, जागा स्वच्छ होते, वासावर दुसरं जनावर येत नाही. म्हणून वार माणसाच्या हाती सहसा लागत नाही, आणि दुर्मिळ वस्तूला भाव येतो. त्यापायी व्यालेल्या मांजरीच्या तोंडाशी हात घालणारी माणसं आहेत. तिथे मी आजही आवाज चढवून बोलते.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात एक मावशी मांदेली साफ करत बसल्या होत्या. एक कबरी मांजरी त्यांच्या पुढून या टोकाला, त्या टोकाला सारखी फिरत होती. ही आडवी जाते त्याचं काही वाटत नाही का, असं मी विचारलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ती आडवी नाय जात, माझ्याकडं येते."

आता व्याख्यानात मी ती यादी फळ्यावर लिहिते आणि मांजरच का उरलं, हे ऐकणाऱ्यांनाच विचारते. सानपाड्यातले एक आजोबा म्हणाले, बाकीची सगळी गोठ्यात आणि रानात राहिली, मांजर तेवढं घरात शिरलं. मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "आणि उंदीर?"